न्यायालयातील कथन आणि कायद्याची कसोटी : नानावटी खटल्याचा (१९५९-१९६१) पुनर्विचार

प्रस्तावना

खटल्यातील पुरावा सुट्या तुकड्यांच्या स्वरूपात न्यायालयासमोर येतो. साक्षीदाराची जबानी, शवविच्छेदनाचा अहवाल, घटनास्थळी सापडलेल्या वस्तू आणि घड्याळातील वेळा यांना स्वतःचा असा क्रम नसतो. हे तुकडे कार्यकारणाच्या सूत्रात गुंफून त्यांचे एक सलग कथन उभे करणे हे वकिलाचे काम असते. हे कथन कायद्याच्या प्रश्नाला कितपत उत्तर देते, हे पाहण्यासाठी मुंबईतील नानावटी खटला हे एक महत्त्वाचे उदाहरण आहे. एकच घटना आणि तोच पुरावा यांतून ज्यूरीने आणि वरिष्ठ न्यायालयांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढले. ही तफावत कशामुळे निर्माण झाली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घटनाक्रम

नौदल अधिकारी कावस माणेकशा नानावटी यांना २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांच्या पत्नीने प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यानंतर नानावटी यांनी पत्नी व मुलांना मेट्रो चित्रपटगृहात सोडले. तेथून ते आपल्या जहाजावर गेले आणि रात्री एकट्याने अहमदनगरला मोटारीने जायचे आहे, असे कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. प्रथम आहुजा यांचे कार्यालय आणि मग त्यांचे निवासस्थान असा त्यांचा प्रवास झाला. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते. शयनगृहात गोळ्या झाडल्या गेल्या व त्यांचा मृत्यू झाला. नानावटी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

दोन कथने

सत्र न्यायालयात बचावाची धुरा कार्ल खंडालावाला यांनी सांभाळली. कलासमीक्षक म्हणूनही ख्यातनाम असलेल्या या वकिलांनी मांडलेल्या कथनाचा नायक संयमी आणि कर्तव्यदक्ष पती होता. आहुजा आपल्या पत्नीशी विवाह करणार का आणि मुलांचा सांभाळ करणार का, एवढेच विचारण्यासाठी तो गेला होता. त्याला अपमानास्पद उत्तर मिळाले, पाकिटातील रिव्हॉल्व्हरवरून झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. पत्नीने बचाव पक्षातर्फे साक्ष दिली. गणवेशातील अधिकाऱ्याची न्यायालयातील उपस्थितीही या कथनाला पूरकच ठरली. न्यायालयाबाहेर ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने नानावटी यांची बाजू उघडपणे उचलून धरली होती.

फिर्यादी पक्षाच्या कथनाचा आधार निराळा होता. खोटे कारण सांगून शस्त्र मिळवणे, कार्यालयापासून घरापर्यंत आहुजा यांचा शोध घेणे आणि थेट शयनगृहात शिरणे या कृतींतून पूर्वनियोजन सूचित होते, असे या पक्षाचे म्हणणे होते. या मांडणीतील सर्वांत बोलका पुरावा म्हणजे आहुजा यांच्या कमरेचा टॉवेल. झटापट झाली असती तर तो सुटला असता. परंतु तो मृतदेहावर जसाच्या तसा होता.

नऊ सदस्यांच्या ज्यूरीने ऑक्टोबर १९५९ मध्ये आठ विरुद्ध एक अशा बहुमताने नानावटी निर्दोष असल्याचा कौल दिला.

तोच तपशील, वेगळा अर्थ

सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी हा कौल स्वीकारला नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ अन्वये त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे शासनाची बाजू मांडणाऱ्यांत पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले य. वि. चंद्रचूड हे होते. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने नानावटी यांना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली.

न्या. के. सुब्बाराव यांनी लिहिलेला हा निकाल कथनाच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. अपघात मान्य झाला नाही, तरी ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ या अपवादाचा लाभ मिळावा, असा पर्यायी युक्तिवाद होता. तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मधील या अपवादासाठी आत्मसंयम सुटलेला असणे आवश्यक होते. न्यायालयाने घड्याळाकडे लक्ष वेधले. नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरून निघाले आणि खून चार वाजून वीस मिनिटांनी झाला. एवढा अवधी संयम परत येण्यास पुरेसा होता. शिवाय पत्नी-मुलांच्या भवितव्याचा विचार त्यांनी केला होता. तेव्हा ते भानावर होते, हेच त्यातून दिसते, असे न्यायालयाने मानले.

येथे या खटल्याचे मर्म आहे. कुटुंबाला चित्रपटगृहात सोडणे व मुलांची चिंता वाहणे हे तपशील बचावाच्या कथनात नायकाची थोरवी सिद्ध करणारे होते. कायद्याच्या कसोटीवर तेच तपशील त्याच्याविरुद्ध गेले. नायक जितका संयमी, तितका आकस्मिक प्रक्षोभाचा बचाव दुबळा, ही या कथनातील अंतर्गत विसंगती होती. सहानुभूतीच्या भरात ती झाकली गेली. निकालपत्रातील काटेकोर कालक्रमाने ती उघडी पडली.

तथापि, दोष केवळ ज्यूरीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अपघात किंवा अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, हे ज्यूरीला नीट समजावून सांगण्यात आले नव्हते. न्यायाधीशांच्या मार्गदर्शनातील अशा त्रुटींवर वरिष्ठ न्यायालयांनीही बोट ठेवले. कथन ऐकणाऱ्याला योग्य प्रश्न दिला गेला नाही, तर तो कथेलाच उत्तर मानतो.

इतिहासातील कथन

नानावटी खटल्यामुळे भारतातील ज्यूरी पद्धत संपली, असे विधान अनेकदा केले जाते. मात्र विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ही पद्धत रद्द करण्याची शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे घटनेच्या आदल्या वर्षी, केली होती. नानावटी यांच्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरीपुढे खटले चालत राहिले आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. एका नाट्यमय खटल्याने संस्थेचा अंत घडवला, हे कथन आकर्षक असले तरी दीर्घकालीन प्रक्रियेवर ते पडदा टाकते.

नानावटी यांना १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. मधुसूदन कालेलकर यांच्या ‘अपराध मीच केला’ या नाटकापासून २०१६ च्या ‘रुस्तम’ चित्रपटापर्यंत या घटनेने अनेक रूपे घेतली. लोकस्मृतीत मात्र प्रामुख्याने बचाव पक्षाचा नायकच टिकून राहिला.

निष्कर्ष

वकिलाचे कथन न्यायदानातून वगळता येत नाही. त्यावाचून पुरावा मुका राहतो. परंतु खुनाच्या खटल्यात एक पक्ष कायमचा अनुपस्थित असतो. शयनगृहातील संवादाची आहुजा यांची बाजू कोणत्याही न्यायालयाने ऐकली नाही. त्यांच्या वतीने बोलू शकल्या त्या फक्त जखमा, तो टॉवेल आणि घड्याळातील वेळा. कथनाच्या ओघात अशा मुक्या पुराव्याकडे परत वळण्याची जबाबदारी न्यायाधीशाइतकीच इतिहासाच्या अभ्यासकाचीही आहे.