सापाच्या विषाचा पत्ता

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने चिठ्ठी दिली होती. अमेरिकेत लोक वाळवंटातले रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारे जहाल साप, घरात काचेच्या पेटीत पाळतात आणि त्यांची पिल्लंही काढतात, हे खरं आहे का? आणि आपल्याकडे कुणी असं का करत नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. खरं आहे. कोरडी पेटी, तिच्या एका टोकाला ऊब, खायला आधी गोठवून मग कोमट केलेला उंदीर, हिवाळ्यात काही आठवडे थंडावा, आणि उन्हाळा लागला की नर-मादी एकत्र. हा साप अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. आपली घोणसही तशीच. वऱ्हाडात आपण तिला परड म्हणतो. एका वेताला वीस-तीस पिल्लं सहज होतात. आपल्याकडे मात्र १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यामुळे हौस म्हणून परड पाळता येत नाही. घरात बरण्या भरून साप ठेवणाऱ्या काही उत्साही सर्पमित्रांनीही हे ध्यानात घ्यावं.

पण चिठ्ठीतल्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. माणसाने विषारी साप कोंडून ठेवायचे ते कशासाठी? मी प्राणिशास्त्राचा माणूस नाही, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. तरी या प्रश्नात मला रस आहे, आणि त्याला कारण आहे.

मी सात-आठ वर्षांचा असेन. अकोला जिल्ह्यात आमची शेती. तुरीत सांजच्याला आमच्या सालदाराला परड चावली. आधी भगताकडे नेलं. त्याने कडुनिंबाचा पाला चावायला दिला, कडू लागतो का पाहिलं, मंत्र म्हटले. पहाटे हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा कुठे बैलगाडी जुंपली. दवाखान्यात सांगितलं, लस इथे नाही, पुढे न्या. पुढे नेईपर्यंत माणूस राहिला नाही. माझे वडील कितीतरी दिवस एकच वाक्य बोलत : लस कुठे होती? तो प्रश्न मी पुढे पुस्तकांतून शोधत राहिलो.

लस आली कुठून? १८९१ साली आजच्या व्हिएतनाममध्ये पुराचं पाणी चढलं आणि नाग गावात शिरले. चाळीसेक लोकांना दंश झाले, चौघे दगावले. तिथल्या एका गारुड्याने पकडलेले जिवंत नाग सायगावच्या प्रयोगशाळेत आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरापर्यंत पोचले. म्हणजे सुरुवातच बघा, साप जिवंत ठेवण्यापासून. मेलेल्या सापाच्या ग्रंथीत विष उरेल किती? १८९४ मध्ये काल्मेतने पॅरिसमध्ये प्रतिविष जाहीर केलं. प्राण्याला थोडंथोडं विष टोचत जायचं, त्याच्या रक्तात प्रतिकार तयार होतो, ते रक्तद्रव्य दंश झालेल्या माणसाला द्यायचं. पुढे या कामाला घोडे लागले. आजही लागतात.

आता इथे तत्त्वज्ञानवाल्याचे कान टवकारतात. काल्मेतची समजूत अशी की नागाच्या विषावरचं हे औषध सगळ्याच सापांच्या विषावर चालेल. 'विष' हा एक शब्द आहे ना, मग ती वस्तूही एकच! वैशेषिकांच्या भाषेत सांगायचं तर 'सामान्य' दिसलं, 'विशेष' निसटला. (वैशेषिकांचा 'विशेष' नित्य द्रव्यांपुरता असतो, सापांपुरता नव्हे, हे माझे जुने विद्यार्थी लगेच सांगतील. मान्य.)

ही समजूत दोन ठिकाणी मोडली. एक ब्राझीलमध्ये. व्हितल ब्राझील नावाचा डॉक्टर कॉफीच्या मळ्यांतले मजूर सर्पदंशाने मरताना पाहत होता. काल्मेतचं औषध तिथल्या सापांच्या विषावर चालेना. त्याने स्वतः तयार केलं तेव्हा आढळलं की रॅटलस्नेकच्या विषावरचं औषध तिथल्याच जराराका सापाच्या विषाला लागू पडत नाही. १९०१ पासून साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेत हे काम उभं राहिलं. सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वेगळीच होती. शेतकऱ्याने जिवंत साप लाकडी पेटीत घालून रेल्वेने पाठवायचा आणि बदल्यात त्याला प्रतिविष मिळायचं. त्याच्या शेतातला साप, त्याच्याच कामाचं औषध. आणि आपल्याकडे? १८६२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने फुरशांवर इनाम लावलं, तेव्हा आठवड्याभरात लाखावर मेलेली फुरशी जमा झाली. आण्याला साप गेला, ज्ञान काही हाती लागलं नाही.

दुसरं ठिकाण आपलंच, मुंबईचं परळ. हाफकिनने १८९९ मध्ये तिथे प्लेगची प्रयोगशाळा थाटली. १९२५ पासून तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तिथे कॅप्टन जॉर्ज लॅम्बने दाखवून दिलं की नागाचं प्रतिविष घोणशीच्या विषापुढे निकामी ठरतं. नाग श्वास थांबवतो, घोणस रक्त बिघडवते. आमच्या सालदाराच्या हिरड्या तेच सांगत होत्या.

यातूनच पुढे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एक लस झाली. आज वऱ्हाडातल्या दवाखान्यात मिळते ती हीच. चावलं की आधी दवाखाना, याला दुसरा इलाज नाही. मात्र त्या बाटलीतलं विष कुठलं? देशातल्या लसीसाठी लागणारं बहुतेक विष चेन्नईजवळच्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतं. १९७८ सालची ती संस्था. पकडलेला साप मातीच्या मडक्यात, तोंडाला फडकं बांधून तीनेक आठवडे ठेवायचा, तेवढ्यात चारदा विष काढायचं आणि परत रानात सोडायचा. अतिशय सभ्य पद्धत. त्यांतल्या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच.

अडचण पत्त्याची आहे. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. राजस्थानच्या वाळवंटातलं फुरसं चावलं तर ही लस कमी पडते, असं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. काल्मेतची चूक आपण जातीच्या पातळीवर दुरुस्त केली आणि प्रदेशाच्या पातळीवर पुन्हा केली.

मग पेटीत पिल्लं काढून हे सुटेल? माझं मत : तेवढ्याने नाही. पिल्लाचं विष मोठ्या सापासारखं नसतं. शिवाय चार जोड्यांची संतती म्हणजे चार जोड्यांचंच विष, साऱ्या मुलखाचं नव्हे. मोर्शीची परड हवी, बाळापूरची हवी, मेळघाटच्या पायथ्याची हवी, आणि परवाना, डॉक्टर नि तापमानाची नोंद असलेल्या जागेत हवी. २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, रात्री पाणी द्यायला गेलेली, तुरी-कपाशीत वाकलेली.

अकोल्याहून परळला रेल्वे तेव्हाही जात होती. परडीची पेटी मात्र तिच्यात चढवायला कुणी सांगितलं नाही.