मोर्चा, गाडी आणि कौल

चिनी भाषेत ‘व्हिनेगर खाणे’ म्हणजे प्रेमात मत्सर करणे, हे ऐकून ज्यांना हसू येईल त्यांनी मराठी माणूस ‘भाव खातो’ आणि प्रसंगी ‘पैसे खातो’, याचे क्षणभर स्मरण करावे. कर्म आणि क्रियापद यांची जोडी एकदा रूढ झाली की तिचा अर्थ केवळ दोहोंच्या बेरजेतून निघत नाही. आणि राज्ये पालटली, व्यवहार पालटले, म्हणजे तोही पालटतो. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मुलखाने असे पालट पुष्कळ पाहिले आहेत.

१७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईच्या कोटाला मोर्चे लावले, तेव्हा मोर्चा म्हणजे तटासमोर आडोसा करून तोफा आणि माणसे बसविण्याची जागा. म्हणूनच तो ‘लावीत’ किंवा ‘बांधीत’. आज मोर्चा ‘काढतात’ आणि तो घोषणा देत कचेरीवर चालून जातो. ‘मोर्चेबांधणी’त जुने क्रियापद शिल्लक आहे खरे, पण ती होते निवडणुकीच्या उमेदवारीसाठी.

गाडीची कथाही अशीच. जोवर ती बैलांची होती तोवर धनी ती ‘जुंपी’ आणि ‘हाकी’. निघण्याची वेळ त्याच्या मर्जीची. १८५४ साली आगगाडीचा रस्ता ठाण्याहून कल्याणास पोहोचला आणि पुढे या मार्गावर डोंबिवलीसारखी चाकरमान्यांची वस्ती वाढली, तेव्हा गाडी ‘पकडणे’, ती ‘चुकणे’, ती ‘सुटणे’ ही क्रियापदे नित्याची झाली. वेळेची मुखत्यारी वेळापत्रकाकडे गेली, हे व्याकरणानेही मान्य केले.

परंतु सर्वांत मोठी उलथापालथ ‘कौल देणे’ या जोडीत झाली. पूर्वी ओसाड गाव पुन्हा वसवावयाचे, पडीक जमीन लागवडीस आणावयाची, तर सरकार रयतेस कौल देई: आरंभी सारा हलका, मग वर्षागणिक चढता; त्यालाच इस्तावा म्हणत. देवस्थानात गुरव कौल लावी, तेव्हा तो देणारा देव असे. दोन्ही ठिकाणी देणारा समर्थ आणि घेणारा आश्रित. प्रौढ मतदानाचा हक्क आल्यावर मात्र वर्तमानपत्रे लिहू लागली की जनतेने कौल दिला. येथे कर्म पालटले नाही, क्रियापदही नाही. पालटला तो कर्ता, आणि जो कौलाच्या आशेने कचेरीच्या दारी उभा असे त्याच्याच दारी आता राज्य मागणारे येऊन उभे राहू लागले.