डाळ शिजेना, साबणाला फेस येईना

नवी सून सासरी येते आणि पहिल्याच आठवड्यात चुलीपुढून म्हणते, "आत्याबाई, इथली डाळ काही लवकर शिजत नाही हो!" त्यावर सासूबाई म्हणतात, "तुला माहेरच्या पाण्याची सवय, दुसरं काय!" सासूबाई बोलल्या टोमण्याने, पण त्यांचे बोलणे अगदी शास्त्राला धरून आहे. दोष सुनेचा नाही आणि डाळीचाही नाही. दोष आहे विहिरीच्या पाण्याचा. या जड पाण्यावर आपल्या घराघरांत कोणकोणते उपाय होत आले आणि त्यांतला कोणता उपाय कोणत्या कामाचा, हे आज आपण पाहू.

ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येत नाही ते जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात आणि चांगला फेस देणाऱ्या पाण्याला सुफेन म्हणतात. पावसाचे पाणी सुफेन असते. मग तेच पाणी विहिरीत उतरेपर्यंत जड कसे होते? आपला नाशिक जिल्हा काळ्या पत्थरावर वसलेला आहे. या दगडात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते, आणि आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडेही सापडतात. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू घेते, किंचित आंबट होते आणि वाटेतले क्षार विरघळवीत खाली जाते. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो, तिथे क्षार धुऊन जातात. येवला-नांदगावकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे ते साचून राहतात. म्हणून एकाच जिल्ह्यात माहेरचे पाणी हलके आणि सासरचे जड, असे होऊ शकते.

सर्वांत जुना उपाय म्हणजे पाणी निवडून घेणे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. पिण्याला आणि स्वयंपाकाला गंगेचे पाणी, भांडी-धुण्याला आडाचे पाणी, अशी वाटणी जुन्या घरांतून असे. पावसाळ्यात पागोळ्यांखाली हंडे लावून ठेवायचे, पहिल्या सरीचे पाणी ओतून द्यायचे आणि पुढचे डाळीला वापरायचे. या उपायाला पैसा लागत नाही. पण नदी लांब असेल तर त्याची किंमत बाईच्या डोक्यावरच्या हंड्याने मोजावी लागते. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी झाल्या, हातपंप बसले. पायपीट कमी झाली, हे फार मोठे काम झाले. परंतु खोल खडकातले पाणी पुष्कळ ठिकाणी आडाच्या पाण्याहून जड निघाले आणि डाळीची तक्रार वाढली.

दुसरा उपाय पाणी उकळण्याचा. जुन्या घरातला तांब्याचा बंब तुम्ही आतून पाहिला असेल. त्याच्या आत पांढरे, खरखरीत पुट धरते. हे पुट येते कुठून? हाच प्रश्न लंडन शहरातल्या एका पंपाच्या पाण्याविषयी हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाला पडला होता. १७६७ साली त्याने दाखवून दिले की, पाण्यात चुनखडीचा अंश धरून ठेवतो तो हा वायूच. पाणी उकळले की वायू निघून जातो आणि चुनखडी तळाशी बसते. अशा जडपणाला तात्पुरता जडपणा म्हणतात. पण ज्या पाण्यात क्षार सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपात असतात, ते कितीही उकळले तरी जडच राहते. तो कायमचा जडपणा. शिवाय उकळायला सरपण लागते. म्हणून डाळीपुरते तपेलीभर पाणी उकळून, निवू देऊन, वरचे वर काढून घेणे शहाणपणाचे. धुण्यासाठी हंडेच्या हंडे उकळणे नव्हे.

तिसरा उपाय ऐकून तुम्हांला नवल वाटेल. चुन्यामुळे जड झालेले पाणी चुन्यानेच हलके करता येते! स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ साली या रीतीचे पेटंट घेतले. चुन्याची निवळी बेताने घातली की ती पाण्यातला वायू शोषून घेते, आणि विरघळलेली चुनखडी व घातलेला चुना दोन्ही मिळून खाली बसतात. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांना ही रीत फार उपयोगी पडली. घरी मात्र ती कठीण आहे. निवळी थोडी जास्त झाली की पाणी पुन्हा जड! मापाशिवाय हे काम नको.

चौथा उपाय धुण्याच्या सोड्याचा. लाकडाच्या राखेची निवळी हे त्याचेच जुने भावंड, कारण राखेत पोटॅशियमचा तसाच खार असतो. हा खार तात्पुरता आणि कायमचा, दोन्ही जडपणांतले कॅल्शियम खाली बसवतो. आता हिशेब पाहा. लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणा असलेले २० लिटर पाणी, म्हणजे एक बादली घ्या. नुसत्या साबणाने तिचा जडपणा मोडायचा तर सुमारे ३५ ग्रॅम साबण फेस येण्याआधीच वाया जातो आणि त्याची चिकट साय कपड्याला बसते. तेच काम साधारण साडेसहा ग्रॅम कोरड्या सोड्यात होते. म्हणून आधी सोडा, मग साबण. मात्र हे पाणी धुण्याचे, पिण्याचे नव्हे. डाळीत खाण्याचा सोडा टाकला तर डाळ शिजते खरी, पण तिच्यातले ब-१ जीवनसत्त्व बरेच नष्ट होते.

आणि रिठे, शिकेकाई? ही पाण्यातला जडपणा काढीत नाहीत, पण त्यांचा फेस जड पाण्यात साबणासारखा फाटतही नाही. डोके धुवायला आजीने शिकेकाई निवडली, तिच्यात हा गुण होता. आजच्या डिटर्जंट पावडरीही जड पाण्यात साबणापेक्षा बऱ्या चालतात, त्या अशाच कारणाने.

आता एक गंमत सांगतो. ज्या दगडाने आपले पाणी जड केले, त्याच्याच पोकळ्यांत पांढरे-गुलाबी स्फटिक सापडतात. नाशिकच्या परिसरातल्या खाणींत ते निघतात आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेले आहेत. त्यांतल्या कित्येकांना झिओलाइट म्हणतात. स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५६ साली हे नाव दिले. अर्थ, उकळता दगड, कारण तापवला की तो फसफसतो. पुढे १८५० मध्ये इंग्लंडात थॉम्पसन आणि वे यांना खताचा अभ्यास करताना दिसले की, माती अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात चुना सोडते. हीच अदलाबदल झिओलाइट करतो : पाण्यातले कॅल्शियम घेतो, सोडियम देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत गान्स यांनी त्यावर पाणी मऊ करण्याची यंत्रे बेतली. आजच्या यंत्रांत बहुधा कृत्रिम राळेचे मणी असतात आणि ते मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करावे लागतात. म्हणून खाणीतला खडा माठात टाकून भागणार नाही. आणि ते खारे पाणी विहिरीजवळ सोडू नये, हेही ध्यानात ठेवा.

दोन गैरसमज दूर करू. तुरटीने गढूळ पाणी निवळते, जडपणा जात नाही. उलट तात्पुरता जडपणा थोडासा कायमचा होतो. फडक्याने गाळूनही तो जात नाही. दुसरे, जड पाणी म्हणजे दूषित पाणी नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल असे धरले आहे. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यांना चव नसते. त्यांची तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्या. आर. ओ. यंत्र क्षार काढते, पण बरेच पाणी फेकूनही देते. टंचाईच्या गावात याचा विचार व्हावा.

गुरुजी, तुमच्यासाठी एक प्रयोग. तीन सारख्या बाटल्यांत सारखेच पाणी घ्या : एकीत पावसाचे, दुसरीत विहिरीचे, तिसरीत विहिरीचेच पण उकळून निवळलेले. साबणाचे पाणी थेंब थेंब घाला आणि दर खेपेस हलवा. फेस टिकायला किती थेंब लागले, ते मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या. क्लार्कसाहेबांची परीक्षा ती हीच. विहिरीच्या आणि उकळलेल्या पाण्याच्या थेंबांतला फरक म्हणजे तात्पुरता जडपणा, आणि उकळल्यावरही पावसाच्या पाण्यापेक्षा जे थेंब जास्त लागतात तो कायमचा.

तेव्हा सारांश असा : डाळीला पावसाचे किंवा उकळून निवळलेले पाणी, धुण्याला सोडा, केसांना शिकेकाई आणि पिण्याला तपासलेले पाणी. आणि घरातली बाई "या पाण्यात डाळ शिजत नाही" म्हणाली, तर तिला हसू नका. हातात बाटली नसताना तिने तीच परीक्षा केलेली असते. गावाच्या पाण्याची नवी सोय ठरेल तेव्हा तिला आधी विचारा.