लशीच्या दाखल्याने काय सुटलं

शिवाजी पार्कचं मैदान 1925 मध्ये माहीम पार्क या नावाने लोकांसाठी खुलं झालं आणि 1927 मध्ये, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीचं निमित्त साधून, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला आजचं नाव मिळालं. या मैदानाला आणि त्याभोवतीच्या रुंद, हवेशीर रस्त्यांना प्लेगची पार्श्वभूमी आहे. 1896 च्या साथीने मुंबईच्या दाट वस्तीचे हाल उघडे पाडले, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत मोकळ्या हवेची नवी वस्ती आखायला सुरुवात झाली. त्याच साथीने शहराला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे प्रवाशाच्या हातातला लशीचा दाखला. आज इथल्या एखाद्या कुटुंबाला केनियाची सफारी करायची असेल, तर परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला दाखवावा लागतो आणि अनेकांना ती सरकारी अडवणूक वाटते. मुंबईचा इतिहास मात्र उलटं सांगतो. अडवणूक आधीपासूनच होती, आणि तिच्यातून सुटण्याचा रस्ता दाखल्याने दिला. अट एवढीच, की दाखल्यामागची लस खरोखर काम करणारी हवी.

लस नसताना काय करत होते ते पाहिलं की हे पटतं. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून निघाले. सरकारने स्टेशनांवर तपासणी बसवली. गाड्यांतून उतरवून काखा आणि जांघा चाचपल्या जात, ताप दिसला की माणूस बाजूला काढला जाई. बायकांची अशी तपासणी म्हणजे घरादाराचा अपमान होता. संशयितांना आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलं जाई, आणि ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावरच हल्ला केला. 1897 मध्ये साथरोग कायदा आला आणि त्याच वर्षी व्हेनिसमध्ये युरोपीय राष्ट्रांची आरोग्य परिषद भरली, कारण मुंबईच्या जहाजांतून प्लेग आपल्याकडे येईल ही धास्ती त्यांना होती. मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूकच त्या वर्षी बंद करण्यात आली. निरोगी असो वा आजारी, माणूस मुंबईचा आहे एवढंच पुरे होतं.

याच शहरात, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत, वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. बोकडाच्या मांसाचा रस्सा त्यांनी जंतू वाढवायला वापरला, म्हणजे गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही टाळलं. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, कारण जंतू त्या थेंबांपासून खाली झुंबरासारखे लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारायचे आणि टोचायचे. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. पुढे ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, तीच आजची हाफकिन संस्था. टोचून घेतलेल्याला प्लेगच्या काही निर्बंधांतून सूट देण्याची पद्धत इथे सुरू झाली. नुसतं मुंबईचं असणं म्हणजे संशयित असणं, हा हिशेब तिथे पहिल्यांदा मोडला.

यावर आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळू नयेत. परक्या सरकारने दिलेली सूट ही दडपणाचीच दुसरी बाजू नव्हती का? होती. ज्याला सुटका हवी त्याने सुई घ्यावी, हा सौदा भयाखालचा होता, आणि 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी दूषित लशीने धनुर्वात होऊन 19 माणसं गेली तेव्हा लोकांची भीती आणखी पक्की झाली. त्याचा ठपका हाफकिनवर आला, आणि तो खोटा ठरायला 1907 उजाडलं. शिवाय लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, फक्त धोका बराच कमी करत होती. पण पर्याय काय होता तेही त्याच काळाने दाखवलं आहे. पुण्यात घरझडत्यांचा संताप जून 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या खुनापर्यंत गेला, मुंबईत मार्च 1898 मध्ये दंगल पेटली. शरीराच्या झडतीपेक्षा कागदाची तपासणी कमी अपमानकारक आहे, हे तिथे सिद्ध झालं.

पीतज्वराच्या बाबतीत भूमिका पालटली आणि भारत अटी घालणारा झाला. हा रोग एडिस इजिप्ती डासाने पसरतो आणि तोच डास मुंबईत डेंग्यू पसरवतो. दादरच्या इमारतीच्या गच्चीवरची उघडी टाकी किंवा कुंडीखालची ताटली त्याला पुरते. विषाणू मात्र इथे नाही. पनामा कालव्यामुळे पीतज्वराच्या प्रदेशातली जहाजं थेट आशियात येतील, ही काळजी भारताला कालवा सुरू होण्याआधीच होती आणि एस. पी. जेम्स यांनी त्यावर तपशीलवार अहवाल दिला होता. मग विमानं आली आणि जहाजाच्या आठवड्यांचं अंतर तासांवर आलं. आशियात पीतज्वर कधीच आला नाही, मग दाखला कशाला, असं विचारणाऱ्यांना 2016 चं उत्तर आहे. त्या वर्षी अंगोलातल्या साथीतून परतलेल्या 11 जणांना चीनमध्ये पीतज्वर निघाला. डास असलेल्या शहरात हे घडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मुंबईने करायलाच हवा.

राहिला न्यायाचा प्रश्न. 1897 मध्ये युरोपने मुंबईशी जे केलं, तेच आपण आज आफ्रिकेशी करतो का? दाखला केवळ संशयावर टिकला असता तर हा आरोप खरा ठरला असता. पण जे दाखले निरुपयोगी ठरले ते मागे घेतले गेले आहेत. पटकीची लस प्रसार थांबवत नाही हे कळल्यावर 1973 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून तिची अट गेली. मे 1980 मध्ये देवीचं निर्मूलन जाहीर झालं आणि देवीच्या दाखल्याचं कारणच उरलं नाही. पीतज्वराचा दाखला पूर्वी दहा वर्षांनी संपायचा, 11 जुलै 2016 पासून तो आयुष्यभरासाठी धरला जातो, कारण एका मात्रेचं संरक्षण पुरेसं टिकतं असा पुरावा मिळाला. लस न घेतलेल्याला भारतात जास्तीत जास्त सहा दिवस वेगळं ठेवतात, आणि ही मर्यादा रोगाच्या अधिशयन काळावरून ठरली आहे, प्रवाशाच्या देशावरून वा रंगावरून नाही. धोक्याच्या देशातून आलेल्या भारतीयालाही तोच नियम लागू होतो. दाखला मात्र टोचल्यापासून दहाव्या दिवशी ग्राह्य होतो, म्हणून सफारीचं तिकीट काढतानाच लशीची तारीख धरावी. लशीची कुपी एकदा विरघळवली की काही तासांतच वापरून संपवावी लागते, त्यामुळे केंद्रं ठरलेल्या दिवशीच माणसं बोलावतात.