मीटरच्या चकतीचा लगाम

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या जुन्या घरांत दारामागच्या फळीवर विजेचं काळं मीटर असायचं. आत ॲल्युमिनियमची चकती संथ फिरायची. तिला वीज फिरवते, हे सगळ्यांना ठाऊक. पण कडेला एक लोहचुंबक तिला सतत मागे ओढत असतो, त्याची दखल कोणी घेत नाही. माझ्या मते मीटरचा खरा कारभारी तोच.

त्याचं कूळ पॅरिसमधलं. १८२४ साली अरागो या शास्त्रज्ञाने दाखवलं, की होकायंत्राची सुई तांब्याच्या पत्र्याजवळ हेलकावली तर लवकर थांबते. तांबं तर चुंबकाला चिकटत नाही! पुढे त्याने तांब्याची चकती फिरवली, तर वरची सुईही तिच्यामागे फिरू लागली. हे का होतं, ते १८३१ मध्ये फॅरडेने उलगडलं. चुंबकापुढून धातू सरकला की धातूत विजेचे भोवरे, म्हणजे एडी करंट, उठतात आणि ज्या हालचालीने ते उठले तिलाच अडवतात. १८५५ मध्ये फुकोने चुंबकात चकती जोराने फिरवली, तर ती तापली. अडवलेला जोर कुठे गेला, ते कळलं.

हा अडसर घासणाऱ्या ब्रेकसारखा नसतो. चकती थांबली की तो शून्य. वेग दुप्पट झाला की तोही दुप्पट. हिशेबाला याहून सोयीचा ब्रेक कुठला? वापर वाढेल तशी फिरवणारी ताकद वाढते, आणि चकती नेमक्या त्याच प्रमाणात वेग घेते. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या ब्लाथीने १८८९ मध्ये या तत्त्वावर मीटर केलं. ते तब्बल २३ किलोचं होतं! मीटरवर ‘युनिटला ६०० फेरे’ असं लिहिलेलं असेल, तर १०० वॉटच्या एका दिव्यावर चकती मिनिटाला बरोबर एक फेरा घेते.

हा अडसर घरी मोजता येतो. तांब्याची मीटरभर नळी उभी धरा आणि आतून सैल जाईल असा निओडिमियम चुंबक सोडा. प्लास्टिकच्या नळीत तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो; तांब्याच्या जाड नळीत रेंगाळतो, आणि लवकरच एका ठरावीक वेगाने उतरू लागतो. तेव्हा अडसर चुंबकाच्या वजनाइतका झालेला असतो. चुंबक १० ग्रॅमचा आणि वेळ ५ सेकंद असेल, तर ०.१ न्यूटन वजनाला सेकंदाला ०.२ मीटर या वेगाने भागा. उत्तर ०.५, हाच त्या नळीचा अडसर-गुणांक.

हाच प्रयोग जानेवारीच्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी करून पाहा. तापमानात २५ अंशांचा फरक असेल तर तांब्याचा रोध सुमारे १० टक्के वाढतो, चुंबकाची ताकदही किंचित घटते, म्हणून उन्हाळ्यात चुंबक लवकर खाली येतो. मग सोलापुरी उन्हात मीटर चुकत नसे का? चकती तापली की अडसर घटतो, पण तिला फिरवणारी ताकदही त्याच चकतीतल्या प्रवाहांतून येते, तीही तेवढीच घटते. चुंबकाच्या घटत्या ताकदीवर निकेल-मिश्रधातूच्या छोट्या तुकड्याने तोड काढलेली असे.

बाहेरून जोरदार चुंबक लावून चकती मंद करणारे महाभागही निघाले. वीज कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली ती चोरीच. तेव्हा प्रयोग नळीवर करा. मीटरच्या सीलला हात लावू नका.