आवर्त, भोवरा आणि घुसळण

औषधांच्या किंवा रंगांच्या कारखान्यातल्या मिश्रणटाकीचे संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्यांच्या तोंडी ‘व्होर्टेक्स’ हा शब्द सतत असतो. टाकीच्या मधोमध दांडा, त्याला पाती. दांडा जोरात फिरला की द्रवात मध्ये खळगा पडतो, तोच हा. शब्द लॅटिन, ‘वळणे’ या अर्थाच्या ‘व्हर्तेरे’वरून आलेला. हे क्रियापद संस्कृत ‘वृत्’ धातूचे सख्खे भावंड. आपला ‘आवर्त’ वृत्‌चाच, आणि अर्थही तोच: पाण्यातला भोवरा. वर्तुळ याच घरातले. तालाचे आवर्तन आणि धरणातून कालव्याला सुटणारे उन्हाळी आवर्तन, तीही.

भोवरा मात्र ‘भ्रम्’च्या कुळातला. मराठीत तो नदीतही असतो आणि दोरी गुंडाळून जमिनीवरही फिरतो. लॅटिनमध्ये ‘तुर्बो’ म्हणजे वावटळही आणि खेळण्यातला भोवराही. त्यावरून क्लोद बुर्दँ या फ्रेंच अभियंत्याने 1822 मध्ये ‘टर्बाइन’ हे नाव घडवले. मिश्रणटाकीत चकतीवर सहा सपाट पाती बसवलेले चक्र ‘रश्टन टर्बाइन’ म्हणूनच ओळखले जाते.

गंमत अशी, की भोवरा म्हणजे मिश्रण नव्हे. सगळा द्रव एकजात गोल फिरू लागला की शेजारचा थेंब शेजारीच राहतो. म्हणून टाकीच्या आतल्या भिंतीला सहसा चार उभ्या पट्ट्या लावतात, त्या ‘बॅफल’. रुंदी टाकीच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. त्यांनी भोवरा मोडतो आणि द्रव वरखाली जाऊ लागतो. सिम्युलेशनमध्ये टाकीचे लाखो बारीक कप्पे पाडून प्रत्येकात वस्तुमानाचा आणि संवेगाचा हिशेब मांडतात, पात्यांभोवतीचे कप्पे पात्यांबरोबर फिरवतात. पट्ट्या काढून टाकल्या तर काय होईल, हे टाकी बांधण्याआधीच दिसते.

ताकाच्या डेऱ्याला पट्ट्या नसतात. पण रवीची दोरी आळीपाळीने ओढली जाते, दर ओढीला दिशा उलटते आणि ताकाला एका दिशेची फिरकी धरताच येत नाही. या क्रियेला मराठीने ‘ढवळणे’ म्हटले नाही, ‘घुसळणे’ हा वेगळा शब्द ठेवला. ‘मिश्रण’ हा शब्द फक्त परिणाम सांगतो; ढवळणे, घुसळणे, फेटणे, खलणे, मळणे यांतून प्रवाहाची जात कळते. मराठीत या विषयाचे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने हे शब्द आधी वापरावेत, असे मला मनापासून वाटते. मलमासारख्या घट्ट मालात छोटे चक्र कितीही जोरात फिरवले तरी हालचाल त्याच्या आसपासच राहते. तिथे भिंतीलगत सावकाश फिरणारी, जहाजाच्या नांगराच्या किंवा फितीच्या आकाराची पाती लागतात. त्या क्रियेला खुशाल ‘मळणे’ म्हणावे.