सासूबाईंची पैठणी आणि लेकीचा प्रश्न



गेल्या महिन्यात लेकीचं लग्न ठरलं आणि मी कपाटातून सासूबाईंची पैठणी काढली. मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली, पदरावर बांगडी मोर. लेक हात फिरवून म्हणाली, "मम्मी, सुंदर आहे गं. पण यात किती जीव गेले असतील?" मला रागच आला. रात्री मात्र झोप लागेना, म्हणून वाचायला बसले.

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. आपल्यालाही ते परकं नाही. तिथे मुनिसुव्रत भगवंतांचं क्षेत्र आहे. सातवाहन राजाच्या विनंतीवरून कालकाचार्यांनी संवत्सरी पंचमीची चतुर्थीला केली ती याच गावी, असं परंपरा सांगते. या गावाच्या नावानेच पैठणी ओळखली जाते. पेशव्यांच्या काळात तिला मोठा मान होता, आणि पुढे येवला हे तिचं मोठं केंद्र झालं.

तिचा पदर म्हणजे मागावर विणलेलं चित्रच. भरतकाम नव्हे. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. विणकर उभे धागे मोजतो, मोराच्या पिसापुरताच तो रंग नेतो आणि परत आणतो. दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतो. म्हणून खरी पैठणी उलट-सुलट सारखीच दिसते. एका पदराला कित्येक दिवस लागतात.

पण धागा रेशमाचा. पतंग कोश फोडून बाहेर पडला तर अखंड तार मिळत नाही, म्हणून आतला जीव आधीच उष्णतेने मारतात. एका साडीला असे हजारो कोश लागतात. लेकीचा प्रश्न खोटा नव्हता.

आपल्या शास्त्रांनी कपड्याचा विचार केलेलाच आहे. उपासकदशांगातले आनंद श्रावक किती श्रीमंत! चाळीस हजार गायी होत्या. तरी वस्त्राची मर्यादा घेताना त्यांनी साध्या क्षौम वस्त्रांची एक जोडी तेवढी ठेवली. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे. लाल रंग देणारी लाख किड्यांपासून मिळते. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यातच नीळही धरली. म्हणजे धागाच नाही, रंगसुद्धा तपासायचा.

हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग निघून गेल्यावर उरलेल्या कोशांचं सूत कातून 'अहिंसा सिल्क' केलं. मार्ग चांगला वाटतो. पण पाळलेल्या रेशीमपतंगाला धड उडताही येत नाही, हे वाचून माझं मन तिथेही थांबलं नाही.

मग लेकीला घेऊन येवल्याला गेले. एका वयस्कर विणकरदादांना विचारलं, "सगळी सुती विणाल का?" ते हसले. "ताई, चमक नाही यायची. पण मोर तोच येईल." हातकताईचं सूत आम्ही आणून दिलं. तुरटी लावून मंजिष्ठेचा लाल काढायचा ठरलं. पिवळ्यासाठी मी हळद सुचवली, तर दादा म्हणाले, "उन्हात उडेल." शेवटी डाळिंबाच्या सालीवर आलो.

व्याह्यांकडे काय म्हणतील ही धास्ती होती. विहीणबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आमच्याही कपाटात आहेत हो दोन. आता नवीन नको घ्यायला."

सासूबाईंची पैठणी मी टाकली नाही. त्यात त्यांचा जीव होता, विणकराचे कष्ट होते. ती पुन्हा फडक्यात बांधून ठेवली. स्वतःसाठी मात्र नवीन रेशीम न घेण्याचं पच्चक्खाण घेतलं. तुम्ही घ्याच असं म्हणत नाही. पुढच्या खरेदीआधी लेकीचा प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघा, एवढंच.

शास्त्राविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.